काळा कोंबडा, गोरी पिल्ले

सांगोल्याला रविवारी बाजार भरतो. ही पुरवणी तुमच्या हातात पडेपर्यंत आमच्याकडे शेळ्या-मेंढ्यांचे टेम्पो रिकामे झालेले असतात आणि खिलार खोंडांचे जबडे उघडून दात मोजण्याचे काम सुरू झालेले असते. जनावरांच्या या गलबल्यापासून थोडे बाजूला, सावली सापडेल तिथे, बायका डालगी घेऊन बसतात. डालग्यात तलंगा, पिल्लांसकट कोंबड्या, शेजारी पाय बांधून ठेवलेले कोंबडे. इथे दात मोजायचे नसतात. इथे भाव ठरतो तो रंगावर. जत्रेसाठी कोणाला तांबडाभडक कोंबडा हवा असतो. कोणी उताऱ्यासाठी निखळ काळा शोधत असतो. त्याला एक पांढरे पीस दिसले तरी चालत नाही. उलट्या पिसांची कोंबडी आली, की देवऋषी मंडळी मागेल ती किंमत मोजतात. आणि बिचारी पांढरी कोंबडी अस्सल गावरान असली, तरी "बॉयलरची दिसतीया" म्हणून दहा-वीस रुपयांनी खाली येते.

याच कोपऱ्यात २०२२ च्या जानेवारीत मी एका आजींना चारचौघांत खोटे ठरवले. आजी खऱ्या होत्या आणि ३४ वर्षे विज्ञान शिकवलेला मी चुकलो होतो. ती हकीकत आज सांगायची आहे. ती कोंबड्यांच्या रंगाची आहे, पण कोंबड्यांपाशी संपत नाही.

काळ्या सोन्याचा मोह

निवृत्त झाल्यावर मी डाळिंबाच्या बागेत कोंबड्या सोडल्या. बागेतले किडे वेचतील, घरात अंडी होतील, आणि आपलाही वेळ जाईल, एवढाच विचार. गावरान पाच-सहा कोंबड्या घेतल्या आणि शेजारच्या तांबड्या कोंबड्याच्या भरवशावर संसार चालू झाला. मग डोक्यात कडकनाथ शिरला.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागातली, भिल्ल-भिलाला समाजाने जपलेली जात. तिकडे तिला 'कालीमासी' म्हणतात. पिसे काळी, तुरा काळा, जीभ काळी, कातडी काळी, मांस काळे, हाडांवरची त्वचासुद्धा काळी. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे भाव चढले. भावाबरोबर दंतकथाही चढल्या. त्याचे रक्त काळे असते म्हणे, अंडी काळी असतात म्हणे. दोन्ही खोटे. रक्त चारचौघांसारखे लाल असते आणि अंडे फिकट बदामी. काळी अंडी दाखवून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

आमच्या भागात या काळ्या कोंबडीने डोळ्यांत पाणीही आणले आहे. २०१९ मध्ये इस्लामपूर परिसरातून चाललेल्या कडकनाथ पालनाच्या एका योजनेत शेतकऱ्यांनी पैसे भरून पक्षी घेतले. अंडी आणि पक्षी चढ्या दराने परत घेऊ, असा वायदा होता. वायदा बुडाला, खाद्य संपले, पक्षी दारात उपाशी राहिले आणि तक्रारी पोलिसांत गेल्या. तेव्हापासून 'कडकनाथ' म्हटले की माणूस आधी खिसा चाचपतो आणि मग कोंबड्याकडे पाहतो. मीही त्यातलाच.

तरी दिवाळीनंतरच्या बाजारात एका आजींच्या डालग्याशेजारी तो कोंबडा दिसला आणि पाय अडखळले. काळाकुळीत, मानेवर हिरवट झाक, तुरा जांभुळलेला. चोच उघडून पाहिली; जीभ काळी. पंखाखालची पिसे बाजूला करून पाहिली, कातडी काळी. बाराशे रुपये मोजले आणि कोंबडा घरी आणला. शेजारच्या तांबड्याला येता येऊ नये म्हणून कुंपणाला जाळी मारली.

महिन्याभरात दोन कोंबड्या खुडूक झाल्या. दोघींखाली मिळून २२ अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी डालगे उचलले, तेव्हा १७ पिल्ले निघाली होती. नऊ पिल्ले काळी, चोचीपासून नखापर्यंत. उरलेली आठ अंगावर मळकट काळी, पण पाय गोरे, चोच गोरी, पोटाची कातडी गोरी.

मी वही उघडली. काळा रंग प्रभावी असेल आणि कोंबडा शुद्ध असेल, तर १७ च्या १७ पिल्ले काळी हवीत. अर्धी काळी, अर्धी गोरी याचा अर्थ कोंबडा शुद्ध नाही. तो भेसळीचा आहे. मेंडेलच्या वाटाण्यांची चौकट मी हजार वेळा फळ्यावर काढली होती. माझा हिशेब चुकेल कसा?

आजींचा हिशेब

पुढच्या रविवारी मी आजींना गाठले. आवाज चढलेला होता, हे कबूल करायला हवे. "आजी, कोंबडा कडकनाथ म्हणून दिलात, निम्मी पिल्लं गोरी निघाली. तुम्ही फसवलंत." आजूबाजूला माणसे जमली. इस्लामपूरचा विषय कोणीतरी काढलाच. एकजण म्हणाला, "आता डालग्यातबी कंपन्या निघाल्या व्हय?" लोक हसले.

आजी हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी विचारले, "तुमच्या कोंबड्यांचं पाय कसलं हायती, गुरुजी?"

"पिवळे. एकीचे सावळे."

"मग आसंच व्हनार. काळा बाप आन गोरी आई, म्हंजी पोरी काळ्या आन पोरं उजळ. दोन म्हयनं थांबा, तुरं फुटू द्या, मग मला बोला. म्या दोन खेपा बघितलंय."

"आणि उलट केलं तर? काळी कोंबडी, गोरा कोंबडा?"

"मग समदीच उजळ. काळं एकबी न्हाई."

मला ती सारवासारव वाटली. पोरींना एक नियम आणि पोरांना दुसरा, असे कुठे असते का? त्याच दिवशी मी कोंबडा परत द्यायला निघालो होतो, पण बायको म्हणाली, "दोन महिनेच थांबायचंय ना? तो काय व्याज मागतोय?" म्हणून थांबलो.

दोन महिन्यांनी तुरे फुटले. आठ गोरी पिल्ले होती, ती आठच्या आठ कोंबडे निघाली. नऊ काळ्यांमध्ये सात तलंगा होत्या. गोरी तलंग एकही नव्हती. आजींचा हिशेब जमला होता. फक्त दोन काळे कोंबडे कुठून आले, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तोही पुढे सुटला.

बापाचे आणि आईचे खाते

माझा एक जुना विद्यार्थी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. त्याला फोनवर सगळे सांगितले. तो म्हणाला, "सर, हे फार जुनं आहे," आणि एक निबंध पाठवून दिला. इंग्लंडमधल्या विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पुनेट यांचा, १९११ सालचा.

हे दोघे साधेसुधे नव्हेत. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले, तेव्हा लोकांना वाटत होते की हे वाटाण्यापुरते असेल. ते प्राण्यांनाही लागू पडतात, हे ज्या पहिल्या प्रयोगांनी दाखवले त्यांत बेटसनच्या कोंबड्या होत्या, साल १९०२. शाळेत आपण जी चौकट काढतो, तिला आजही पुनेटचे नाव आहे. म्हणजे मी ज्याच्या नावाची चौकट काढून आजींना खोटे ठरवले, त्याच पुनेटने आजींचे म्हणणे १९११ मध्येच लिहून ठेवले होते!

त्यांच्याकडे कडकनाथ नव्हता. 'सिल्की' नावाची चिनी वळणाची कोंबडी होती. पिसे रेशमासारखी, बहुधा पांढरी, आणि खाली कातडी काळी. तिचा त्यांनी तपकिरी लेगहॉर्नशी संकर केला. सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी घेतली, तेव्हा मुली गडद काळ्या झाल्या आणि मुलगे फिके. उलट जोडी लावली, तेव्हा सगळीच फिकी. आजींचे दोन्ही नियम, जसेच्या तसे.

याचे कारण कोंबडीच्या घरच्या हिशेबात आहे. कोंबडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्यांतली एक जोडी लिंग ठरवते. कोंबड्याकडे या जोडीत दोन सारखी गुणसूत्रे असतात. त्यांना 'झेड' म्हणतात. कोंबडीकडे एक 'झेड' आणि एक लहानसे 'डब्ल्यू' असते. मुलाला बापाकडून एक झेड आणि आईकडून एक झेड मिळते. मुलीला आईकडून डब्ल्यू मिळते आणि झेड फक्त बापाकडून. म्हणजे झेडवर जे काही लिहिलेले असेल, ते मुलीला बापाचेच मिळणार. आपल्याकडे मातृमुखी मुलगा आणि पितृमुखी मुलगी भाग्याची समजतात. कोंबड्यांत या खात्यापुरती प्रत्येक तलंग पितृमुखीच असते.

आता काळ्या कातडीकडे वळू. ती दोन जनुकांच्या संगनमतातून येते. एक जनुक काळा रंग अंगभर पसरवतो. कडकनाथ, सिल्की, इंडोनेशियातला आयाम चेमानी या सगळ्यांमध्ये विसाव्या गुणसूत्राच्या जोडीवरचा एकच जुना बदल आहे. तिथला एक तुकडा दुप्पट झाला आहे आणि त्यामुळे रंगपेशी जिथे जायला नकोत तिथेही पोचतात. हा बदल प्रभावी आहे. एका पालकाकडून आला तरी पुरतो. पण दुसरा एक जनुक झेडवर बसलेला आहे. तो रंग अडवणारा रखवालदार आहे. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत हा रखवालदार असतो, कडकनाथात नसतो.

माझ्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांनी हा रखवालदार आपल्या झेडवरून मुलांना दिला. म्हणून मुलगे फिके. मुलींना त्या झेड देऊच शकत नाहीत. मुलींना बापाचे, रखवालदार नसलेले झेड मिळाले. म्हणून त्या काळ्या. उलट जोडीत गोरा कोंबडा रखवालदार मुलगा-मुलगी दोघांनाही देतो, म्हणून सगळीच उजळ. आणि ते दोन काळे कोंबडे? ते सावळ्या पायांच्या कोंबडीचे. तिच्याकडे रखवालदारच नव्हता. ती मुलांना काय देणार?

माझा कोंबडा अस्सल होता. खरे तर तशी वाटणी होणे हाच त्याच्या अस्सलपणाचा पुरावा होता.

पीस वेगळे, कातडी वेगळी

या सगळ्यातून मी पहिला धडा शिकलो तो असा, की कोंबडीच्या अंगावर दिसणारा रंग ही एक गोष्ट नाही. पिसांचा काळा रंग वेगळ्या जनुकाचा, कातडीचा काळा रंग वेगळ्याचा. म्हणून पांढऱ्या पिसांची सिल्की आतून काळी असते आणि आमचे आठ कोंबडे वरून काळे, आतून गोरे निघाले. काळ्या पिसांवर भाळून 'कडकनाथ' म्हणून खरेदी करणारा तिथेच फसतो. दुसरीकडे, कडकनाथातही मानेवर सोनेरी किंवा चंदेरी रेघा असलेले प्रकार असतात; ते भेसळीचे समजून परत करणारा उलट बाजूने फसतो.

पायाच्या पिवळेपणाची गोष्ट तर आपल्या मातीतली आहे. सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असे डार्विनने मानले होते. ते बव्हंशी बरोबरही आहे. पण २००८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसले, की पिवळ्या कातडीचा जनुक तांबड्याकडून आलेला नसून बहुधा राखी रानकोंबड्याकडून आला आहे. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तो. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत त्याची आठवण आहे. हा गुण अप्रभावी असतो. आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. आणि आला तरी तो नुसता उतारा असतो, पीक नव्हे! पिवळा रंग येतो मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून. खाद्यात हे नसेल तर पिवळ्या जातीच्या कोंबडीचे पायही पांढुरके दिसतात, आणि भरपूर अंडी घालणाऱ्या कोंबडीचेही फिके पडतात. म्हणून फिक्या पायांची म्हणून टाकून दिलेली कोंबडी कदाचित तुमच्या खुराड्यातली सगळ्यांत कष्टाळू असू शकते.

आमच्या माणदेशात आणखी एक कोंबडी नावे ठेवून घेते. तिच्या मानेवर पिसेच नसतात. लोक तिला गिधाड म्हणतात, बाजारात कोणी हात लावत नाही. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, इतर कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, तेव्हा ही दाणे टिपत असते. हा उघड्या मानेचा जनुक एका पालकाकडून आला तर अंगावरची पिसे साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात, दोघांकडून आला तर त्याच्या सुमारे दुप्पट. जितकी पिसे कमी, तितकी अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट मोकळी. उलट्या पिसांच्या कोंबडीचेही तसेच. मात्र तो जनुक दोन्हीकडून आला तर पिसे इतकी ठिसूळ होतात की पक्षी जवळजवळ उघडा पडतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणांवर जाती बेतल्या आहेत. उघड्या मानेच्या संकराचे नाव 'हितकारी', उलट्या पिसांच्या संकराचे 'उपकारी', कडकनाथाच्या संकराचे 'श्यामा' आणि असील कोंबड्याच्या संकराचे 'निर्भीक'. देवऋष्याने जिला उताऱ्यासाठी उचलले, तिच्यात शास्त्रज्ञांना उन्हाळ्यावरचा उपाय दिसला.

परीक्षा कशी घ्यावी?

अनेकजण विचारतात, की गुरुजी, कोंबडी शुद्ध आहे हे ओळखायचे कसे? अंगावरून ओळखता येत नाही. पिल्लांवरून येते, आणि त्यासाठी वही लागते.

पहिली गोष्ट, बाप कोण हे नक्की हवे. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते. कोंबडा आज बदलला म्हणजे उद्याच्या अंड्याचा बाप बदलला, असे नव्हे. मी पहिल्या खेपेला जाळी मारली, पण अंडी लगेच गोळा करू लागलो होतो. नशिबाने शेजारच्या तांबड्याचे पिल्लू त्यात आले नाही, एवढेच. दुसऱ्या खेपेला कोंबड्या महिनाभर वेगळ्या ठेवल्या, मगच कोंबडा सोडला. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे घातले आणि अंड्यावर पेन्सिलीने खूण केली. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांची काळी पिल्ले सगळी माद्या निघाली, आणि सावळ्या पायांच्या कोंबडीची नर-मादी दोन्ही काळी. आजींचा नियम पुन्हा खरा ठरला.

दुसरी गोष्ट, पुढची पिढी. माझ्या काळ्या तलंगा दिसायला कडकनाथच, जीभसुद्धा काळी. बाजारात नेल्या असत्या तर कोणी शंका घेतली नसती. पण त्यांच्यात काळेपणाचा जनुक एकाच बाजूने आलेला. पिवळ्या पायांच्या आयांच्या या मुलींना त्यांच्याच गोऱ्या भावांबरोबर ठेवले, तर हिशेबाने आठांत तीन पिल्ले काळी यावीत. मी मुद्दाम एकदाच ठेवून पाहिले: १३ पिल्लांत पाच काळी. अशा तलंगेला 'शुद्ध' म्हणून विकणे म्हणजे नातवंडांपर्यंत फसवणूक करणे. ओळखायचे असेल तर तिला सावळ्या पायांच्या पण गोऱ्या कातडीच्या साध्या गावरान कोंबड्याबरोबर ठेवावे. सात पिल्ले झाली आणि सातही कातडीने काळी निघाली, तर ती शुद्ध नसण्याची शक्यता शंभरात एकीपेक्षाही कमी. एक जरी गोऱ्या कातडीचे निघाले, तर निकाल लागला.

तिसरी गोष्ट, भाऊ-बहिणींचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालवू नये. पिल्ले कमी निघतात, किडकी निघतात. जुन्या बायका दुसऱ्या गावातून कोंबडा आणत, एकमेकींत बदलत. ती रीत शास्त्राला धरून आहे.

आणि चौथी गोष्ट, रंग फक्त रंगाची साक्ष देतो. अंडी किती, वजन किती, रोगाला तोंड देईल का, हे अनेक जनुकांवर आणि तुमच्या खाद्या-पाण्यावर ठरते. वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती रंगीत ठेवल्या गेल्या, याचे एक कारण खेड्यातल्या माणसाला रंगीत कोंबडी आपली वाटते. पण त्या संकरित आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिढीत तेच गुण एकसारखे उतरत नाहीत. रंग कदाचित उतरेल आणि अंडी उतरणार नाहीत. मग लोक म्हणतात, सरकारने वाईट पिल्ले दिली.

हा रंग कुणाचा?

वहीतले हे आकडे जुळवत बसलो असता एका रात्री मला आईची आठवण झाली.

माझ्या आधी आईला तीन मुली झाल्या. आमच्या वाड्यात त्याबद्दल काय काय बोलले गेले, ते मी थोरल्या बहिणीकडून ऐकले आहे. आजीने वडिलांचे दुसरे लग्न लावायची बोलणी सुरू केली होती. धाकटी बहीण रंगाने सावळी. आई गोरी, वडील गोरे. "हा रंग कुणाच्या घरचा?" असे बारशाच्या दिवशी कोणीतरी हसत हसत विचारले होते. आईने तो प्रश्न आयुष्यभर विसरला नाही. तिने कोणाला उत्तर दिले नाही, कारण तिच्यापाशी उत्तर नव्हते.

माणसात हिशेब कोंबडीच्या उलट आहे. बाईकडे दोन सारखी 'एक्स' गुणसूत्रे असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाकडून काय आले त्यावर ठरते. "हिला मुलीच होतात" हा ठपका हिशेबाने कोणावर ठेवायचाच असता, तर तो कोंबडीवर ठेवता आला असता. माणसाच्या बाईवर नाही. आणि खरे तर कोंबडीवरही नाही, कारण कोणते गुणसूत्र अंड्यात जावे हे तिला कोण विचारतो? माणसाच्या कातडीच्या रंगात तर पुष्कळ जनुकांचा हात असतो. पणजीचा सावळेपणा दोन पिढ्या गप्प राहून तिसरीत दिसतो. कोंबड्यांची आठांत तीनची गणिते तिथे चालत नाहीत आणि कोणी चालवूही नयेत.

हे सगळे मी दरवर्षी दहावीच्या वर्गात शिकवत होतो. आई तेव्हा घरीच असे. अंगणात कोंबड्यांना ज्वारी टाकत असे. तिला समोर बसवून, "आई, तो दोष तुझा नव्हता," असे मी एकदाही सांगितले नाही. मला वाटायचे, तो धडा परीक्षेचा आहे. आई २००६ मध्ये गेली.

बाजारात आजींवर आवाज चढवताना मीही तेच केले होते. पिल्लाचा रंग मनासारखा आला नाही आणि मी सगळ्यांत जवळच्या बाईला जाब विचारला. वाड्यातल्या लोकांना निदान विज्ञान माहीत नव्हते. मला अर्धे माहीत होते, आणि त्या अर्ध्याचाच गर्व होता.

पुढच्या एका रविवारी मी पुन्हा त्या कोपऱ्यात गेलो. आजी होत्या. मुद्दाम आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आजी, तुमचा कोंबडा अस्सल होता. मीच चुकलो. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या दोन शास्त्रज्ञांनी प्रयोग करून हेच लिहून ठेवलंय, तुम्ही म्हणाला तसं. काळा बाप, गोरी आई. पोरी काळ्या, पोरं उजळ."

आजींनी डालग्यावरची गोणी नीट केली आणि माझ्याकडे पाहिले.

"म्हंजी सायबांनी लिवलंय म्हनून पटलं व्हय, गुरुजी?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी खाली बसलो आणि त्यांनी दोन खेपांत काय काय पाहिले होते, ते पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. या वेळी वही बरोबर होती.